नाणं उचललं, पत्ता हरवला

मागच्या दसऱ्याच्या सुमाराला सह्याद्रीतल्या एका गडाच्या मागच्या सोंडेने उतरत होतो. ती वाट आता गुराख्यांशिवाय कुणी वापरत नाही. पाऊस नुकताच सरलेला, कारवी डोक्याएवढी वाढलेली, आणि तिच्या आडोशाला जुन्या जोत्यांच्या ओळी शेवाळ पांघरून बसलेल्या. त्यातल्या एका जोत्यात पहिला खड्डा दिसला. वीतभर रुंद, वीतभर खोल, कडा खुरप्याने कापल्यासारख्या सरळ. रानडुकराने उकरलेलं रान वेगळं दिसतं, उनाड पोराने नांगर धरल्यासारखं. हे तसलं नव्हतं. तीन पावलांवर दुसरा खड्डा, मग तिसरा. त्या एका जोत्यात अकरा भरले. एका खड्ड्याच्या काठावर बोटभर लांबीचा गंजका खिळा पडला होता. मेटल डिटेक्टरचं मशीन वाजलं, माणसाने खणलं, खिळा निघाला, म्हणून फेकून पुढे सरकला. त्याला पाहिजे होती तांब्याची शिवराई, नशीब जोरावर असेल तर सोन्याचा होन.

मी तो खिळा उचलला नाही. उचलून तरी काय करणार? तो भिंतीच्या कोणत्या अंगाला होता, किती खोलीवर होता, राखेच्या थराखाली होता की वर, हे सांगणारी माती खड्ड्याबाहेर ढीग होऊन पडली होती. खिळे ओळीने निघाले असते तर दार कुठे होतं आणि वासे कुठे, हे कळलं असतं. राख निघाली असती तर घर जळून पडलं की ओस पडून ढासळलं, याचा अंदाज आला असता. गडाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी अकराचे एकवीस होतील.

गुप्तधनाचा नाद आपल्याला नवा नाही. पूर्वी त्यासाठी पायाळू माणूस शोधून आणायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत. अमावास्येची रात्र, डोळ्यांत अंजन, लिंबू-नारळ, आणि हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग. या नादापायी माणसं मारली गेली आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांना जागा द्यावी लागली ती उगाच नाही. आता पायाळूचं काम बॅटरीवर चालणारं मशीन करतं. ते ऑनलाइन मागवता येतं, घरपोच येतं. फरक एवढाच की पायाळूला सहसा काही सापडत नसे. मशीनला सापडतं.

त्या मशीनची करामत तशी साधी आहे. टोकाच्या गोल कड्यात तारेचं वेटोळं असतं, त्यातून बदलता चुंबकीय झोत जमिनीत सोडायचा. खाली धातू असला की त्यात बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचा उलटा झोत वर येतो आणि कानात सूर वाजतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत पकडली जाते. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या काळ्या दगडात लोह भरपूर, त्यामुळे स्वस्तातलं मशीन रिकाम्या जागीही बोंबलत राहतं. म्हणजे आपल्याकडे हा छंद इंग्लंडपेक्षा जास्त खड्डे पाडतो आणि कमी नाणी देतो.

2025 च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाच्या पायथ्याशी काय झालं ते अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. रस्त्याच्या कामातून निघालेली माती एका शेतात टाकली होती. त्यात मोगलांची सोन्याची नाणी निघाली अशी आवई उठली. त्याच सुमारास मराठ्यांच्या इतिहासावरचा एक हिंदी चित्रपट जोरात चालला होता, त्यात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग, मग काय विचारता! अंधार पडला की माणसं बॅटऱ्या, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन शेतात उतरायची. रावेरच्या पलीकडचा हा मुलूख, आपल्याच खानदेशाचा जुना भाग. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला, त्याच्या आठवणीची ससाण्याचं चित्र असलेली मोहोर नाणेसंग्राहकांना स्वप्नात दिसते. तेव्हा त्या मातीत काहीच नसेल असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्रींत काही निघालं असेल तर ते आज कुठे आहे? ज्याने उचललं तो बोलणार नाही, ज्याने विकत घेतलं तोही नाही.

(सरकारने तरी दुसऱ्यांना हसू नये. 2013 च्या ऑक्टोबरात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडियाखेड्यात एका साधूच्या स्वप्नात हजार टन सोनं आलं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची कुदळ तिथे चालली. सोनं निघालं नाही हे सांगायला नकोच.)

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. रानात, गडावर, देवराईत हौसेने डिटेक्टर फिरवण्याला माझा विरोध आहे, आणि त्यात मला तडजोड नको. पण ज्याच्या नांगराला नाणं लागलं त्या शेतकऱ्याला चोर ठरवणारी आपली व्यवस्थाही तितकीच इतिहास खाते, असं मला वाटतं. या दोन गोष्टी एकत्र बोलल्या जात नाहीत. गडप्रेमी पहिलीवर चिडतात, दुसरीकडे कुणी बघत नाही.

आधी पहिली. नाणं म्हणजे धातूचा तुकडा आणि त्यावरची अक्षरं, एवढंच धरलं तर ते कुठेही सापडलं तरी सारखंच. पण त्याच्या पोटात जी माहिती असते तिचा मोठा वाटा नाण्यावर नसतोच, आजूबाजूला असतो. याचं आपल्या मातीतलं सगळ्यात झणझणीत उदाहरण म्हणजे जोगलटेंभी. नाशिक जिल्ह्यात, गोदा आणि दारणेच्या संगमाजवळचं हे गाव. 1906 मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी थोडीथोडकी नव्हेत, सव्वातेरा हजारांच्या घरात. सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रपाची. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत त्याचं नाव.

गंमत पुढे आहे. यातल्या सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या तोंडावर सातवाहनांचा कमानींचा डोंगर, पाठीवर उज्जैनचं चिन्ह. कुठे राजाचं नाक ठशाखालून डोकावतंय, कुठे ग्रीक अक्षरांची शेपटी. उरलेली जवळपास चार हजार तशीच, कोरी म्हणा. तिथून जवळच नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची थोरवी कोरून ठेवली आहे: 'खखरातवसनिरवसेसकरस', क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. आईने मुलाचं कौतुक जरा हात सैल सोडूनच केलं असेल असं कुणी म्हणालं असतं. तिचा शब्द खरा होता याची पावती जोगलटेंभीच्या साठ्याने दिली. जिंकलेल्याने हरलेल्याचा पैसा गोळा केला आणि त्याच पैशावर आपली मोहर उठवली. नहपान आणि गौतमीपुत्र काळाने एकमेकांच्या किती जवळचे, या वादाला त्या ढिगाने खिळा ठोकला. एवढी नाणी एका जागी बघायला मिळाली म्हणूनच अभ्यासकांच्या हे लक्षात आलं की त्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत, वेगवेगळ्या वयांचे आणि ठेवणींचे आहेत. त्यावरूनही बराच खल झाला.

आता कल्पना करा की तो साठा रात्रीच्या अंधारात मशीनने हेरला असता. सव्वातेरा हजार नाणी एकाच्या घरी राहत नाहीत. निम्मी सोनाराच्या मुशीत गेली असती, उरलेली दहा-दहा, वीस-वीस करत मुंबई, इंदूर, हैदराबादच्या व्यापाऱ्यांकडे. नहपानाची नाणी तेव्हाही जगात राहिली असतीच आणि ठसा मारलेलीही. नाहीसं झालं असतं ते दोघांचं प्रमाण, आणि दोन्ही एकाच खड्ड्यात होती ही गोष्ट. ती कोणत्याही नाण्यावर लिहिलेली नाही.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण डिटेक्टरची बाजू घेणारे हटकून इंग्लंडकडे बोट दाखवतात. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या हौशी माणसाचं मशीन वाजलं. हातभर खणल्यावर मडक्याचा तोंडवळा दिसला, आणि या गृहस्थाने कमाल केली. तो थांबला. खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना फोन केला. त्यांनी ते मडकं थराथराने उतरवलं, प्रत्येक थर वेगळ्या पिशव्यांत. 52,503 रोमन नाणी. सगळ्यात अलीकडच्या सम्राटाची, म्हणजे कॅरॉशियसची नाणी वरच्या थरात असायला हवी होती. वर्षानुवर्षं कुणी पैसा साठवत गेला असता तर तसंच दिसलं असतं. ती बरीचशी मडक्याच्या खालच्या अर्ध्यात निघाली. म्हणजे सगळा पैसा एकदम ओतला होता. शिवाय मडकं इतकं पातळ की भरलेलं उचललं असतं तर फुटलंच असतं; आधी जमिनीत बसवून मग त्यात नाणी टाकली. ही कुणा घाबरलेल्या सावकाराची पुंजी की देवाला वाहिलेलं दान, असा नवाच प्रश्न त्यातून उभा राहिला. डेव्हरावांनी हात घालून ओंजळी भरल्या असत्या तर नाणी तेवढीच मिळाली असती. प्रश्न मिळाला नसता.

त्याच इंग्लंडात 2015 मध्ये लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. त्यांनी जमीनमालकाला सांगितलं नाही, सरकारला सांगितलं नाही, गुपचूप विकायला काढला. नाणी तीनशेच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. खटला चालला तेव्हा हाती जेमतेम तीस होती. त्यातल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ शेजारी शेजारी बसलेले आहेत. ज्या केओलवुल्फला आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरीने मूर्ख मांडलिक म्हणून निकालात काढलं, तो बरोबरीचा राजा म्हणून चांदीवर उभा होता. दोघा चोरांना 2019 मध्ये साडेआठ आणि दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या, त्या पुढे अपिलात बऱ्याच कमी झाल्या. बखरकार धन्याची बाजू घेऊन लिहितात हे मराठी वाचकाला काय सांगायचं! बखरीला उलट उत्तर देणारा साक्षीदार जमिनीतूनच येतो, आणि असे साक्षीदार रात्री पळवले जातात.

आता कुणी म्हणेल, लेमस्टर सोडा, फ्रोम बघा; इंग्लंडला जमतं ते आपल्याला का नाही? तिथे काय जमतं ते नीट बघू. तिथे 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे. सोन्याचांदीची जुनी वस्तू किंवा नाण्यांचा साठा मिळाला की 14 दिवसांत कळवायचं. संग्रहालयाला तो हवा असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभावाने किंमत ठरवते आणि ती साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. 2009 मध्ये स्टॅफर्डशरच्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोनं मिळालं तेव्हा ही रक्कम सुमारे 33 लाख पौंड झाली. शिवाय ज्या वस्तू खजिन्यात मोडत नाहीत, म्हणजे एखादं सुटं नाणं, बक्कल, बटण, त्यांच्यासाठी 1997 पासून नोंदीची वेगळी योजना आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत तिचे अधिकारी बसतात. तुम्ही वस्तू नेता, ते फोटो काढतात, वजन करतात, कुठे मिळाली ते नकाशावर टिपतात, आणि वस्तू तुमची तुम्हाला परत. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी आज कुणालाही बघता येतात. माझ्या मते त्या देशाची खरी कमाई ही नोंदवही आहे.

पण त्याच देशात 1979 च्या कायद्याने संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणंसुद्धा गुन्हा आहे. सरकारी जंगलांत हौसेखातर डिटेक्टर फिरवू देत नाहीत. आणि जबाबदार छंदिष्टांसाठीची त्यांची आचारसंहिता सांगते, शक्यतो नांगरलेल्या जमिनीतच काम करा, मोडलेल्या थराच्या खाली जाऊ नका. शेजारच्या आयर्लंडमध्ये तर परवानगीशिवाय पुरावस्तू शोधायला डिटेक्टर वापरताच येत नाही.

शेत आणि रान यांतला हा फरक आपल्याकडे कुणी बोलतच नाही, म्हणून जरा थांबतो. नांगराखालच्या मातीत वरचा वीत-दीडवीत थर दर वर्षी उलटापालटा होतो. ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला, तशी ही खोली वाढली. त्या थरात जे नाणं आहे त्याचा मूळ पत्ता आधीच पुसला गेला आहे; शेत कोणतं एवढं कळलं तरी पुष्कळ. वर खतांनी तांबं खाल्लं जातं ते वेगळंच. अशा जमिनीतून नाणं वर आलं आणि त्याची नोंद झाली तर नुकसान काही नाही, फायदाच आहे.

रानातली माती तशी नसते. गड ओस पडल्यावर ज्या जोत्यावर पालापाचोळा साचला, त्यावर माती धरली, त्यावर करवंद आणि कारवी वाढली, ते जोतं शे-दोनशे वर्षं कुणी हलवलेलं नाही. वरच्या वीतभरातच सगळं आहे: शेवटची चूल, फुटलेलं मडकं, छपरातून पडलेले खिळे, कुणाच्या कनवटीतून निसटलेला पैसा. नेमक्या त्याच वीतभरात डिटेक्टरचा हात पोचतो. नांगर जिथे कधी गेला नाही तिथे जाणारा नांगर म्हणजे हे मशीन, आणि तो रविवारी चालतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. राखीव जंगलात जमीन खोदणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. पण सह्याद्रीतले बरेच किल्ले कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत, आणि जे आहेत त्यांच्याही सोंडांवर, माच्यांच्या उतारांवर, पायथ्याच्या पेठांवर कोण पहारा देणार? 2025 च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक जिंजी. पेढे वाटले गेले. मला मात्र धास्ती वाटली, कारण नाव झालं की गर्दी येते आणि गर्दीत मशीनही येतं.

इथे एक कडू गोष्ट सांगणं भाग आहे. गडांवर मनापासून राबणारी पोरंही कधी कधी तेच करतात जे चोर करतो. उन्हाळ्यात टाक्यांतला गाळ काढायची मोहीम निघते. घमेल्यांची साखळी लागते, घोषणा होतात, गाळ दरीत जातो. गाळात तोफगोळा निघाला, नाणं निघालं की फोटो काढून गडावरच्या देवळात मांडून ठेवतात. हेतू सोन्यासारखा आहे, त्यांच्या घामाबद्दल मला आदर आहे. पण टाक्याचा गाळ हा त्या गडाचा रोजमेळ असतो, तळाचं पान सगळ्यात जुनं. तो थराने काढायचा, चाळायचा, कोणत्या थरात काय मिळालं ते लिहायचं. एक पुरातत्त्वाचा विद्यार्थी आणि एक चाळणी सोबत असली तरी केवढा फरक पडेल.

मशीन स्वतः पापी नाही, हेही मान्य करायला हवं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1983 मध्ये वणव्याने गवत जळालं, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या हौशी लोकांनाच हाताशी धरून रान पिंजून काढलं. मिळालेलं प्रत्येक काडतूस जिथल्या तिथे निशाण लावून नकाशावर घेतलं. कोण कुठून कुठे सरकलं, कोणती फळी कुठे मोडली, हे त्या ठिपक्यांनी दाखवलं. आता जालना जिल्ह्यातलं असई डोळ्यांपुढे आणा. 23 सप्टेंबर 1803, शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्या रानातल्या शिशाच्या गोळ्या मोजून-मापून नकाशावर घेतल्या तर आपल्याला लढाईची आपली अशी बाजू मिळेल, वेलस्लीच्या पत्रांवर विसंबावं लागणार नाही. पण नाण्यांच्या शिकाऱ्याच्या लेखी शिशाची गोळी म्हणजे कचरा. तो ती खिशात टाकून नेतो किंवा बांधावर भिरकावतो. नाण्याच्या मागे लागलेला माणूस गोळ्यांनी लिहिलेली लढाई पुसत जातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे शेतकऱ्याची. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आठवा. ते पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांवरून मणी, नाणी, मृण्मूर्ती उघड्या पडायच्या. पोरंटोरं वेचायची, कुणी फेकून द्यायचं, कुणी विकायचं. लामतुरेंनी त्या आयुष्यभर गोळा केल्या. आज तेरला त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे आणि रोमशी व्यापार करणाऱ्या त्या गावाचं वैभव आपण तिथे बघतो. त्या वस्तूंना थर नाही, खोली नाही हे खरं. पण लामतुरे नसते तर वस्तूही नसत्या. मग त्यांना काय म्हणायचं? मी तरी त्यांना हात जोडतो. त्यांनी खणलं नाही, पडलेलं वेचलं. दडवलं नाही, दाखवलं. आणि त्यांच्या वस्तूंना निदान गावाचं नाव आहे.

प्रामाणिकपणे मिळालेली वस्तूसुद्धा पत्ता हरवून बसली की काय होतं, हे दायमाबादने दाखवलं. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या या गावात एका भिल्ल गावकऱ्याला झाडाचं खोड उपटताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्याची काही चूक नव्हती. पण मूर्ती नेमक्या कोणत्या थरात होत्या हे बघायला तेव्हा तिथे कुणी नव्हतं, म्हणून त्या उत्तर हडप्पा काळातल्या की पुष्कळ नंतरच्या, हा वाद धातूच्या रसायनावरून आणि घडणीवरून अजून घालावा लागतो.

अशा माणसाला आपला कायदा काय देतो? 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन मिळालं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय मिळालं, किती मिळालं, कुठे आणि कधी. धन सरकारी तिजोरीत जमा करायचं किंवा जामीन द्यायचा. मग जाहीर सूचना, दावेदारांसाठी चार ते सहा महिन्यांची मुदत, चौकशी. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद. मालक सापडला नाही आणि जमीन दुसऱ्याची असली तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, चौथा जमीनमालकाचा. इथवर ठीक आहे, उलट कुळाच्या बाजूचं आहे. पण सरकारला धन स्वतःकडे ठेवायचं असेल तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. शिवराईत तांबं तोळाभर. मोडीच्या भावाने दहा-बारा रुपये, वर दोन. तेच नाणं पुण्याच्या जुन्या बाजारात चादरीवर मांडलं तर किती पटीने जातं हे शेतकऱ्याच्या पोराला मोबाइलवर दिसतं. 1878 मध्ये दहा रुपये ही रक्कम होती. आज ती चहाची किंमत आहे, आणि एवढ्यासाठी तालुक्याला हेलपाटे, पोलिसांचे प्रश्न, आणि 'अजून कुठे दडवलंय?' ही नजर.

अशा कायद्यापुढे माणूस गप्प बसतो. गप्प बसलेल्या गावात डिटेक्टरवाला शहरी पाहुणा येतो, रोख देतो, काही विचारत नाही. त्याचा धंदा आपल्या कायद्याच्या जिवावर चालतो.

मला हवं ते फार मोठं नाही. रान, गड, देवराया आणि पांढरीची टेकाडं इथे खासगी डिटेक्टर सरसकट बंद, यादीत नाव असो वा नसो. आणि शेतात आपसूक मिळालेल्या वस्तूसाठी जिल्ह्याला एक जाणता माणूस, जो वस्तू बघेल, तोलेल, गट नंबर लिहून घेईल, सुटं नाणं असेल तर परत देईल आणि साठा असेल तर बाजारभावाने पैसे देईल. अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था 1980 पासून आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. माणसं घडवायची सोय नाही असं कुणी म्हणू नये. सरकार वस्तू नेऊन गोदामात टाकतं हा आक्षेप खरा आहे, म्हणून तर ती परत द्यावी म्हणतो. आपल्याला नाण्यापेक्षा त्याचा पत्ता जास्त हवा आहे.

त्या दिवशी गड उतरून पायथ्याच्या वाडीत आलो तेव्हा ऊन कललं होतं. एका घरी पाणी मागितलं, आजींनी चहा टाकला. बोलता बोलता वरच्या खड्ड्यांचा विषय निघाला. "येत्यात की रविवारचं," त्या म्हणाल्या, "कानाला लावून फिरत्यात." मग आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. कुंकवात बुडालेली शिवराई पदराने पुसून माझ्या तळव्यावर ठेवली. 'श्री राजा शिव' एवढं बोटाला लागत होतं.

"सासऱ्यांना नांगरताना घावली. वंजळभर व्हत्या. बाकीच्या सोनारानं नेल्या."

"कधीची गोष्ट, आजी?"

"माझं लगीन व्हायचं व्हतं तवाची." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सरकारला सांगितलं तर ही बी न्हेतील का वो?"

मी काय सांगणार होतो? कायदा सांगितला असता तर करंडा पुन्हा कधी बाहेर आला नसता. मी नाणं परत त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, सासऱ्यांना ते नेमकं कुठे मिळालं होतं.

त्या ओसरीच्या कडेला आल्या आणि हात लांब करून दाखवलं. "त्यो खालचा बांध दिसतोय न्हवं? त्याच्या वरल्या अंगाला, हिरीकडं तोंड केलं की डाव्या हाताला. आंबा व्हता तिथं मोठा." वहीत बांध काढला, विहीर काढली. आंब्यासाठी गोल काढत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "आता न्हाय त्यो. पर खोडाची खूण हाय, दावती चला." आणि चपला न घालताच पुढे निघाल्या.